नावाचा सातबारा निघत नाही!

जागेत घातलेला पैसा बुडत नाही, हे आपल्या कोकणात आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. रस्त्याकडेला चार गुंठे घेऊन ठेवायचे आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाची वाट बघायची! आता हेच लोण इंटरनेटवर आलंय. तिथं प्लॉट म्हणजे नावं. वेबसाइटचा पत्ता, ज्याच्या शेपटाला आपल्या देशाचं ‘डॉट इन’ लागतं. स्वस्तात वीस नावं अडवून ठेवा, उद्या कुणीतरी लाखाला मागेल, असं सांगणारा एखादा भाचा-पुतण्या हल्ली प्रत्येक घरात असतोच.

पाचाडच्या माझ्या ओळखीच्या एक वहिनी गडावर येणाऱ्यांना जेवण देतात. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले आले, त्यात आपला रायगड. झालं! मुंबईचा भाचा म्हणाला, “मावशी, गडाच्या, हिरकणीच्या, रोपवेच्या नावाची वीस नावं घेऊन टाकू. हॉटेलवाले शोधत येतील.” बचत गटातून पंधरा हजार उचलायचं जवळजवळ ठरलं होतं. वहिनींनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, गटाचे पैसे यात घालू नका.

मैत्रिणींनो, आधी हे समजून घ्या, की नाव ‘विकत’ मिळतच नाही. खरेदीखत नाही, सातबारा नाही. एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतचा तो भाडेपट्टा असतो. वर ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था, तिच्या हाताखाली नावं नोंदवणाऱ्या कंपन्या. मुदत संपली, पैसे भरले नाहीत, की नाव हातचं गेलं. एका नावाला वर्षाला सातशे रुपये धरले तर वीस नावांचे चौदा हजार. आणि पुढच्या वर्षी पुन्हा चौदा हजार! वर गटाचं व्याज. आंब्याचं कलमसुद्धा पाच-सहा वर्षांनी फळ देतं हो, इथं गिऱ्हाईक येईलच असं सांगणारं कुणी नाही. हॉटेलवाल्याला तुमचं नाव महाग वाटलं तर तो मागे ‘रिसॉर्ट’ जोडून दुसरं घेईल, नाही तर शेपूट बदलेल. शिवाय ‘डॉट इन’ २००५ सालीच सर्वांना खुलं झालं. मोक्याचे प्लॉट तेव्हापासून उठत आलेत.

मग नामांकित हॉटेलचंच नाव घेऊन ठेवलं तर? तो तर सरळ कोर्टकचेरीचा रस्ता. ‘रेडिफ’शी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ असं नाव घेणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच रोखलं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं, की इंटरनेटवरच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे. ‘डॉट इन’साठी तर तक्रारीची वेगळी सोय आहे. लवाद नाव काढून मूळ मालकाला देऊ शकतो.

यात पैसा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. तुवालू हा प्रशांत महासागरातला चिमुकला देश. त्याच्या वाट्याला ‘डॉट टीव्ही’ आलं आणि त्या कमाईतून २००० साली त्याने संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व मिळवलं. अँग्विला बेटाला ‘डॉट एआय’ मिळालं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये त्यातून सुमारे ३२ दशलक्ष डॉलर जमा झाले. पण नीट बघा, ही सगळी कमाई टोलनाक्यावर बसलेल्याची आहे. गाडी घेऊन रांगेत उभं राहणाऱ्यांपैकी काहींचं फावलं, नाही असं नाही. पण त्यांच्याकडे वाट बघायला पैसा होता, आणि तो बचत गटाचा नव्हता.

या धंद्याभोवती ठगही पुष्कळ. ‘तुमचं नाव चीनमध्ये दुसरं कुणी घेतंय, लगेच पैसे भरा’ असा ईमेल येतो. किंवा गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी नावाच्या किमतीचं सर्टिफिकेट काढा, असं सांगतात. सर्टिफिकेटचे पैसे घेऊन गिऱ्हाईक गायब!

शेपटाचा खरा उपयोग ओळखीसाठी आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, ते याचसाठी. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं, म्हणजे खोटी साइट पटकन कळावी.

तेव्हा वहिनींनी एकच नाव घ्यावं, स्वतःच्या खानावळीचं. २०१४ पासून ‘डॉट भारत’ लावून देवनागरीतही नाव मिळतं. हौस असेल तर तेही घ्या, पण पाटीवर इंग्रजी अक्षरांतलंच लिहा, कारण फोनवर माणसं अजून तेच टाइप करतात. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर करा. भाच्याच्या नको, साइट बनवणाऱ्या पोराच्या तर नकोच. नूतनीकरणाची आठवण त्याच ईमेलवर येते. त्याने नंबर बदलला, नोकरीला दुबईला गेला, की तुमची खानावळ दुसऱ्याच्या पत्त्यावर! पासवर्ड गटाच्या हिशेबाच्या वहीत नको, घरच्या डायरीत ठेवा. मुदतीची तारीख मात्र कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा, गॅसच्या नंबराशेजारी.