तेलविहिरीवरची ज्योत आणि परवान्यातल्या अटी

बडोद्याहून भरूच-अंकलेश्वरकडे रात्रीचा प्रवास करताना शेतांच्या पलीकडे जळणारी ज्योत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गाडीतली मुले विचारतात, ‘‘तिकडे आग लागलीय का?’’ आपण सांगतो, ‘‘नाही रे, तेलाच्या विहिरीचा गॅस जाळतायत.’’ उत्तर खरे आहे, पण अर्धेच. तो गॅस किती उंचीवर जाळायचा, शेजारच्या शेताला झळ लागली तर काय करायचे, हवेत काय मिसळते ते कोणी मोजायचे, हे सगळे एका कागदावर लिहिलेले असते. तो कागद मिळवण्याची पद्धत गेल्या पाच-सहा वर्षांत बरीच बदलली आहे. त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख तेल उद्योगाच्या विरोधात नाही. 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल लागले, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आणि त्यानंतर बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांच्या चुली याच उद्योगावर पेटल्या. आपल्या मंडळातही ड्रिलिंग, रिफायनरी किंवा प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेले ज्येष्ठ सभासद आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

परवाना म्हणजे नेमके काय?

जमिनीवरच्या तेल-वायू क्षेत्राला हवेच्या बाबतीत मुख्यतः दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले, 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी. उत्पादनाचा प्रकल्प ‘अ’ वर्गात येतो. त्यात पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल आणि जनसुनावणी असते, आणि निर्णय केंद्रीय मंत्रालय घेते. दुसरे दार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. 1981 च्या हवा कायद्याच्या कलम 21 प्रमाणे आधी उभारणीची संमती आणि मग चालवण्याची संमती घ्यायची. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने निर्णय द्यायचा असतो. तेल-वायू उत्खनन ‘लाल’ गटात मोडते, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणक्षम. या गटाला चालवण्याची संमती पूर्वी साधारण पाच वर्षांसाठी मिळत असे आणि मग नूतनीकरण करावे लागत असे.

संमतीपत्रातल्या अटी कोरड्या वाटतात, पण त्या थेट शेताच्या बांधाशी येऊन थांबतात. 1996 मध्ये या उद्योगासाठी ठरलेली मानके पाहा. गॅस न जाळता तसाच हवेत सोडायचा नाही. जाळायचा तर उंच चिमणीवर, आणि तिची उंची किमान 30 मीटर. ज्योतीमुळे आजूबाजूच्या पिकांवर परिणाम होत असेल तर जमिनीलगत जाळता येतो, पण मग भोवती किमान 5 मीटर उंचीची उष्णतारोधक विटांची भिंत आणि त्यापलीकडे 100 मीटर रुंदीचा हरितपट्टा अपेक्षित आहे. सांडपाणी खड्ड्यात जाळायला तर पूर्ण मनाई आहे. एखाद्या शेतकऱ्याने ‘माझा कापूस करपतोय’ अशी तक्रार केली, तर तिच्यामागे कायद्याचे बळ उभे असते ते याच ओळींमुळे.

काय बदलले?

जानेवारी 2020 मध्ये शोध-टप्प्यातल्या विहिरी ‘ब-2’ वर्गात टाकल्या गेल्या. आता त्यांच्यासाठी सविस्तर अहवाल लागत नाही, जनसुनावणीही लागत नाही. 2023 च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातली शिक्षाही बदलली. संमतीशिवाय प्रकल्प चालवला तर पूर्वी दीड ते सहा वर्षांची कैद होऊ शकत होती. आता 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये, ज्यांच्याकडे पर्यावरण मंजुरी आहे त्यांना उभारणीच्या संमतीतून सूट मिळाली. मार्च 2025 मध्ये तेलक्षेत्र कायद्यातली दुरुस्ती संसदेत मंजूर झाली. गुंतवणूक वाढावी, भाडेपट्ट्यांत स्थैर्य यावे, हा तिचा हेतू.

सरकारची बाजू समजून घ्यायला हवी. आपण तेलाच्या गरजेपैकी 80 टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. तीच माहिती दोन कार्यालयांत दोनदा द्यायची, महिनोन्‌महिने थांबायचे, यात कोणाचेच भले नाही. ज्यांनी नोकरीत असताना फायली घेऊन गांधीनगरच्या खेपा घातल्या, त्यांना हे सांगायला नको.

पण एक फरक लक्षात घेतला पाहिजे. उभारणीची संमती ही स्थानिक माणसांनी, स्थानिक हवा पाहून, काम सुरू होण्याआधी अटी घालण्याची जागा होती. आता राज्य मंडळाचे मत केंद्राच्या प्रक्रियेतच विचारले जाणार. पादऱ्याच्या शिवारात हिवाळ्यात पहाटे धूर कसा खाली बसतो, हे तिथल्या शेतकऱ्याला माहीत असते. दिल्लीच्या बैठकीत ते कोण सांगणार? आणि एखाद्या मोठ्या कंपनीला 15 लाखांचा दंड कितपत जाणवणार, हाही प्रश्न आहेच.

बागजानचा धडा

कागद नसले तर काय होते, हे आसामने पाहिले. 27 मे 2020 रोजी तिनसुकिया जिल्ह्यात बागजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून गॅसचा स्फोटक उद्रेक झाला. 9 जूनला आग लागली आणि दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. हजारो लोक छावण्यांत गेले, आणि आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. आग भडकलेली असतानाच 19 जूनला आसामच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने आवश्यक संमती घेतल्या नसल्याचे कारण देत तेलक्षेत्र बंद करण्याचा आदेश काढला. काही दिवसांतच तो मागेही घेतला गेला.

स्फोट कागदामुळे झाला असे मी म्हणत नाही. त्याची कारणे विहिरीच्या कामात होती. पण संमतीचा प्रश्न मंडळाला आग लागल्यावर आठवला, हे खटकते. परवान्याची तपासणी शांततेच्या काळात झाली तरच तिला अर्थ आहे.

आपल्या जवळचेच उदाहरण अंकलेश्वरचे. तिथल्या काही औषध-रसायन कारखान्यांनी पूर्वमंजुरीशिवाय काम सुरू केले होते. 1 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधी काम आणि मागाहून मंजुरी ही रीत पर्यावरण कायद्यात बसत नाही. कारखाने बंद केले नाहीत, पण प्रत्येकी 10 कोटी रुपये भरायला लावले. मे 2025 मध्ये वनशक्ती प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका आणखी कडक केली. मात्र 18 नोव्हेंबर 2025 रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेण्यात आला. म्हणजे या प्रश्नावर न्यायमूर्तींमध्येही एकमत नाही.

आपण काय करू शकतो?

माझे मत असे : परवाना लवकर मिळावा, यात वावगे काही नाही. मात्र आधीची तपासणी जितकी हलकी होईल, तितके नंतरचे लक्ष वाढले पाहिजे. आणि ते लक्ष फक्त अधिकाऱ्यांवर सोडून चालणार नाही.

यासाठी कायद्यानेच सोय केली आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रातही छापावी लागते, आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मंजुरी मान्य नसेल तर 30 दिवसांत हरित लवादाकडे दाद मागता येते.

अडचण एकच. मूळ अहवाल इंग्रजीत शेकडो पानांचा, आणि ज्याच्या शेताशेजारी विहीर, त्याला तो वाचता येत नाही. इथे आपण उपयोगी पडू शकतो. मराठी घरची, गुजराती बाजारातली आणि इंग्रजी नोकरीतली, अशा तिन्ही भाषा आपल्याकडे सहज आहेत. शिवाय चिमणीची उंची, बेन्झीनचे प्रमाण, फ्लेअरची नोंदवही या गोष्टी आयुष्यभर हाताळलेले निवृत्त काका-काकू आपल्यातच आहेत. एखाद्या रविवारी मंडळाच्या सभागृहात त्यांनी तरुण सभासदांना एकच अहवाल घेऊन वाचायला शिकवावा : कोणती अट, कोणता आकडा, मोजणी कुठे आणि कोणत्या ऋतूत केली. मग तोच अहवाल पादऱ्याच्या किंवा जंबुसरच्या एखाद्या गावात गुजरातीत समजावून सांगता येईल.

या तेलाने आपल्याला घर दिले, मुलांची शिक्षणे दिली. विहिरीशेजारच्या गावाला निदान त्याच्या हवेचा हिशोब वाचून दाखवणे, एवढे तर आपल्याला जमण्यासारखे आहे.