अंगण वाकडे नव्हते

फोटोला जुन्या काळासारखा तपकिरी रंग हवा असेल, तर आता मोबाइलवर एक बोट लावले की काम भागते. तरीही गेल्या वर्षी काळेवाडीतल्या आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून मी कृष्णधवल फिल्म धुण्याचा उद्योग आरंभला आणि त्यात एक कधीही भरून न येणारे नुकसान करून घेतले. त्यातून माझे जे मत बनले, ते येथे मांडते.

तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली, तेव्हा मी आजीचे दोन फोटो काढले होते. आजी त्याच हिवाळ्यात गेली. चांदीच्या प्रतिमेपेक्षा सिल्व्हर सल्फाइडची प्रतिमा अधिक टिकाऊ, असे मी वाचले होते. तेव्हा ती निगेटिव्ह कायमची टिकावी म्हणून तिला टोनिंग करायचे ठरवले. कृती दोन पायऱ्यांची. आधी पोटॅशियम फेरीसायनाइड आणि ब्रोमाइडच्या द्रावणात प्रतिमा फिकी करायची आणि मग सोडियम सल्फाइडमध्ये ती तपकिरी होऊन परत येते. नासक्या अंड्यांचा वास घरभर सुटला, आई रागावली. पण प्रतिमा परत आली ती अर्धीच! निगेटिव्हचा पातळ भाग म्हणजे प्रत्यक्षातल्या सावल्या. तोच भाग नाहीसा झाला होता. आजीच्या लुगड्याच्या चुण्या आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या गेल्या. शिवाय कपाळावर निळे ठिपके उमटले.

मी सगळा दोष पुड्यांतल्या रसायनांना दिला. नाचता येईना, अंगण वाकडे! मग राग ओसरल्यावर टाकाऊ फिल्मचे तुकडे घेऊन एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले, तेव्हा खरे कळले. पाणी वाचवण्यासाठी मी फिल्म घाईघाईने धुतली होती, त्यामुळे तिच्यात हायपो उरला होता. फेरीसायनाइड आणि हायपो एकत्र आले की ते चांदी विरघळवतात. पातळ भाग आधी जातो. निळे ठिपके गंजाचे. आमच्या इमारतीच्या जुन्या लोखंडी नळातून आलेल्या कणांशी फेरीसायनाइडचा संयोग झाला की निळा रंग तयार होतो. नळाला गाळणी बांधली, ठिपके थांबले. एका तुकड्याच्या कोऱ्या कडेवर तपकिरी डाग पडला. तो तुकडा मी शिळ्या हायपोत काढला होता. म्हणजे तिन्ही दोषांचे मूळ टोनिंगच्या आधीच्या कामात किंवा पाण्यात होते. टोनिंगने ते फक्त उघडे पाडले.

अशी फजिती मोठमोठ्यांचीही झाली आहे. प्रभात कंपनीने 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करायला घेतला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या. त्या काळच्या दुरंगी पद्धतींत फिल्मच्या दोन्ही बाजूंवरच्या चांदीच्या प्रतिमांना रसायनांनी दोन वेगळे रंग देत असत. १९३३ साली चित्रपट पडद्यावर आला, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रभातने हात टेकले नाहीत. त्याच वर्षी कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि १९३६ साली 'संत तुकाराम' काढला, तो कृष्णधवल! फसलेल्या रंगांची आठवण आपण ठेवतो, म्हणूनच त्या यशाची किंमत कळते.

आपल्या महाविद्यालयांत मात्र प्रदर्शन भरते ते फक्त जमलेल्या चित्रांचे. फसलेले चित्र विद्यार्थी गुपचूप फाडून टाकतो आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तीच चूक पहिल्यापासून करतो. माझे मत असे, की प्रत्येक कलाविभागात एक 'बिघाडाची वही' असावी. काय बिघडले, कशामुळे, आणि ते कसे शोधले, हे प्रत्येकाने आपल्या नावानिशी लिहावे. प्राध्यापकांनीही लिहावे, त्यांच्या चुका वाचायला आम्हांला अधिक आवडेल!

अशी वही मला आधी मिळाली असती, तर तिच्यात पहिलीच ओळ सापडली असती: एकमेव निगेटिव्हवर प्रयोग करू नये, आधी तिची प्रत काढावी. आता ती ओळ मीच लिहिणार आहे. खाली ती पट्टीही चिकटवीन. आजीच्या सुरकुत्या त्यात नाहीत. पण निदान दुसऱ्या कोणाच्या आजीच्या राहतील.