दुबईला एकट्या निघालात? कपड्यांआधी बॅगेतली खसखस तपासा!

दुबईचं तिकीट काढलं की बहुतेक महिलांचा पहिला प्रश्न असतो, 'कपडे कोणते न्यायचे?' तिथे पर्यटक महिलांना अबायाची सक्ती नाही. मॉलमध्ये खांदे-गुडघे झाकलेले असावेत, एवढीच अपेक्षा. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत मात्र डोकं झाकावंच लागतं, ओढणी सोबत ठेवा.

खरी अडचण बॅगेत असते. आपल्याकडे अनारशाला लागणारी खसखस यूएईत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. म्हणजे मावशीने प्रेमाने दिलेला अनारशांचा डबा घरीच ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलची गोळी न्यायची तर तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी आधीच घ्यावी लागते. 'एकच तर पट्टी आहे' हे विमानतळावर चालत नाही.

२०२० मध्ये कायदे बदलले, लग्नाशिवाय एकत्र राहणं आता गुन्हा नाही. पण अनोळखी व्यक्तीचा विनापरवानगी फोटो किंवा व्हॉट्सॲपवर दिलेली शिवी आजही महागात पडते. व्हॉट्सॲप कॉल सहसा लागतच नाही. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर इकडे सगळे काळजीत!

मेट्रोत महिला-मुलांसाठी राखीव भाग असतो. गुलाबी छताच्या टॅक्सी महिला चालवतात. पोलिसांचा नंबर ९९९.