भाड्याच्या घरातली सूर्यफुले

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची फुलबाग पाहिली नाही असा माणूस विरळा. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यांवर, दवाखान्याच्या भिंतीवर ती इतकी दिसते की, सुखवस्तू माणसाने फावल्या वेळात काढलेली गोड चित्रे एवढीच तिची किंमत आपण करून बसतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले १८८१ सालचे एक चित्र मात्र जरा थांबून पाहावे.

वेतय या सीन नदीकाठच्या खेड्यातली ही बाग. ऐन उन्हाळा आहे. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावरून जातील एवढी सूर्यफुले माजली आहेत. मधली वाट पायऱ्यांना जाऊन भिडते आणि वर घरे दिसतात. वाटेवर पडलेल्या सावल्या काळ्या नाहीत, निळसर-जांभळ्या आहेत. (भर उन्हात सावलीला रंग असतो, हे या मंडळींनी तेव्हाच्या जाणकारांना पटवता पटवता त्यांची उमेदीची वर्षे गेली!) पुढे एक लहान मूल उभे आहे, जवळ त्याची खेळण्यातली गाडी. हा मोनेचा धाकटा मुलगा मिशेल, असे सांगतात.

आता या घराची हकिकत. घर मोनेचे नव्हते, भाड्याचे होते. त्याची चित्रे घेणारा व्यापारी अर्नेस्ट ओशदे याचे १८७७ साली दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी दोन्ही कुटुंबे खर्च वाचवायला वेतयला एकत्र राहू लागली. ओशदेची सहा मुले, मोनेची दोन. मिशेल तेव्हा काही महिन्यांचा होता. मोनेची बायको कामीय आजारी होती. ५ सप्टेंबर १८७९ रोजी ती गेली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्या हिवाळ्यात थंडी अशी पडली की, सीन नदी गोठली. मोनेने तो फुटणारा बर्फही रंगवला. आणि मग, दोन उन्हाळ्यांच्या आत, ही सूर्यफुले.

म्हणून या पिवळ्या रंगाखाली दुःख दडले आहे वगैरे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. चित्रात ऊन आहे आणि ते खरे आहे. देणेकऱ्यांना तोंड देणाऱ्या माणसाला चित्रे विकायचीही होतीच. पण दुसऱ्याच्या जमिनीत इतक्या हौसेने बाग लावणाऱ्या माणसाला सुखवस्तू म्हणणे काही मनाला पटत नाही.

वाटेच्या कडेला निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या मोठ्या कुंड्या आहेत. त्या पाहिल्यासारख्या वाटतात. शिकागोच्या संग्रहालयात १८७३ सालचे एक चित्र आहे, आर्जांतय गावातल्या घराचे. तेही घर भाड्याचेच. तिथे अंगणात याच कुंड्या मांडल्या आहेत, थोरला मुलगा जाँ हातात चाक घेऊन उभा आहे आणि दारात कामीय आहे. वेतयच्या चित्रातही मागे पायऱ्यांपाशी एक बाई दिसते. ती कामीय असणे शक्य नाही.

१८८१च्या डिसेंबरात मोनेने वेतय सोडले. आधी प्वासी, मग १८८३ साली जिव्हर्नी. तिथले घरही प्रथम भाड्यानेच घेतले होते, ते स्वतःचे व्हायला १८९० साल उजाडले. आज जग जी बाग पाहायला जाते ती जिव्हर्नीची. सूर्यफुले वेतयलाच राहिली. कुंड्या तेवढ्या बिऱ्हाडाबरोबर नेता येत होत्या.