अवर्षणात कोयनेचे पाणी कोणास?

कोयना धरणात पाणी कमी साठले, तर त्याची झळ केवळ कऱ्हाड-सांगलीच्या शिवारास बसते, असे नव्हे. विजेच्या बिलामार्गे ती चांद्यापासून बांद्यापर्यंत पोहोचते.

शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते, व एक घनमीटर पाण्यापासून एक युनिटाहून किंचित अधिक वीज मिळते. या हिशेबाने एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे तीन कोटी युनिटे होत. त्यास कोळसा लागत नाही, आणि सायंकाळी मागणी वाढताच ही यंत्रे काही मिनिटांत चालू करता येतात. पाणी तुटले की ती उणीव महाग विजेने भरून काढावी लागते. तो खर्च पुढे इंधन समायोजन आकार म्हणून बिलात उतरतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल २०२४ पासून शासन भरते खरे, परंतु घरातील दिव्याचे व पिठाच्या गिरणीचे बिल चुकत नाही. कोळशाचा आधारही अवर्षणात खात्रीचा नसतो. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ साली पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले.

खरा पेच मात्र निराळा आहे. पश्चिमेकडे वळविलेले पाणी वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळते. कृष्णा खोऱ्यास ते परत येत नाही. म्हणूनच लवादाने त्यास वर्षाकाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. २०२३ साली धरण पूर्ण भरले नाही, आणि टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजनांसाठी पाण्याची निकडीची मागणी झाली. नदीत सोडलेल्या पाण्यावर धरणाच्या पायथ्याशी थोडी वीज होते. पण तेच पाणी पुढे टप्प्याटप्प्याने उचलताना वीज खर्ची पडते. राज्यास हा दुहेरी भुर्दंड आहे. तरीही पिण्याचे पाणी व उभे पीक यांचा हक्क आधी मानला पाहिजे. वीज अन्यत्र विकत घेता येते. वाळत्या द्राक्षबागेस टँकर किती दिवस पुरणार?

हा हक्क सांगणाऱ्याने पाण्याचा हिशेबही द्यावा. अवर्षणाच्या वर्षी उसास मोकाट पाणी द्यावयाचे आणि वीज महागली म्हणून ओरड करावयाची, हे एका तोंडी शोभत नाही. शासनानेही विजेस किती व सिंचनास किती पाणी, हे रब्बीच्या पेरणीपूर्वीच जाहीर करावे. डिसेंबरात कळून काय उपयोग? तोवर हरभऱ्याच्या जागी ऊस लागलेला असतो. ग्रामसेवकांनी ऑक्टोबरातच धरणसाठ्याचा आकडा चावडीवर लावावा, व त्याखाली आपल्या योजनेस मिळणारी आवर्तने लिहावीत. ती ठरली नसल्यास ‘ठरली नाहीत’ असे स्पष्ट लिहावे.