गाळलेला धडा आणि आपला हक्क



आमच्या अकोल्याच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदना आटोपली की दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग बसतो. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. गणित बऱ्यापैकी शिकवतो; विज्ञान मात्र मुलांसोबत बसून वाचतो. मागे एका रविवारी बालभारतीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा चालू होता. एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "काका, माकडाचा माणूस झाला, त आताची माकडं काऊन माणसं होत नाहीत?"

पोरं हसली. मला मात्र प्रश्न आवडला. मी म्हटले, "बेटा, तू आणि तुझा चुलत भाऊ एका आजोबाची नातवंडं. म्हणून चुलत भावाला कोणी बाप म्हणते काय? तसेच हे. आजची माकडे आपले पूर्वज नव्हेत. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या."

दाराशी आमचे एक काकाजी बसले होते. जिनिंगमध्ये हमाली करतात, हंगामात फवारणीला जातात. ते म्हणाले, "पण भाऊ, दिल्लीच्या पुस्तकातून त हा धडा काढला म्हणतात. मंग तुम्ही शिकवता कायले?"

काकाजींचे म्हणणे खरे होते. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता. २०२३ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यातील उत्क्रांती गेली आणि धड्याचे नाव नुसते 'आनुवंशिकता' राहिले. कारण दिले गेले की कोरोनानंतर मुलांवरचा अभ्यासाचा भार कमी करायचा आहे. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्या करून याला विरोध केला. त्यावर सांगण्यात आले की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच.

बंधूभगिनींनो, इथेच खरी मेख आहे. बारावीचे जीवशास्त्र कोण शिकतो? जो विज्ञान शाखेला जातो तो. आपल्या वस्तीतली किती मुले जातात? कोणी दहावीनंतर आयटीआय करतो, कोणी दुकानात लागतो, कोणी माझ्यासारखा वाणिज्य शाखा धरतो. माझ्या बी.कॉम.च्या तीन वर्षांत जमाखर्च शिकलो, कंपनी कायदा शिकलो, पण जिवंत सृष्टीबद्दल एक ओळही नव्हती. कष्टकऱ्याच्या लेकरासाठी दहावी हीच विज्ञानाची शेवटची पायरी असते. त्या पायरीवरून काढलेली गोष्ट त्याच्या आयुष्यातून जाते. डॉक्टराच्या मुलाला ती दोन वर्षांनी मिळते, हमालाच्या मुलीला कधीच मिळत नाही. आपल्या राज्याच्या २०१८ च्या पुस्तकात उत्क्रांती पहिल्याच धड्यात आली, ही समाधानाची बाब आहे. पण ती तशीच राहील, असे गृहीत धरून आपण झोपू नये.

आता काही लोक विचारतात, उत्क्रांती होताना कोणी पाहिली? जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच म्हणाले होते. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चूक, आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असा त्यांचा दावा होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून तो खोडून काढला.

मी काकाजींना विचारले, "तुम्ही पाहिली काय हो उत्क्रांती?" ते म्हणाले, "मी काय पायतो!" मी म्हटले, "बोंडअळी पाहिली ना?"

मग काकाजींनीच सगळे सांगितले. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, तेव्हा झाडातच अळीला मारणारे द्रव्य होते. "पयले अळी बोंड खाये त मरे. मंग काही वर्षानं तिले काहीच होईना." २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतात बोंड फोडले की आत गुलाबी अळी. झाले काय होते? लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिच्यावर ते विष चालत नाही. बाकीच्या मेल्या, ती जगली, तिची पिल्ले वाढली. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले आणि शेवटी शेतात विष पचवणाऱ्याच अळ्या उरल्या. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नैसर्गिक निवड म्हणून जे मांडले, ते हेच. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी येई. ती कडेने लावा, म्हणजे साध्या अळ्याही जगतील आणि विष पचवणाऱ्यांचे वाण वेगळे वाढणार नाही, असा त्यामागे हिशेब होता. पुष्कळांनी ती पुडी बांधावर फेकून दिली. उत्क्रांती कोणी नीट समजावली असती, तर फेकली असती काय? अळी वाढली की फवारणी वाढते आणि फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर असतो, हे मी सांगायला नको. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

दुसरा पुरावा आपल्या अमरावती जिल्ह्यातच आहे. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला महाशिवरात्रीला हजारो लोक जातात. त्याच परिसरातील खडकांत अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांना डायनासोरची हाडे आणि अंडी यांचे जीवाश्म सापडले आहेत. साडेसहा कोटी वर्षांहून जुने! भाविक ज्या वाटेने चालतात तिथेच पृथ्वीचे जुने दप्तर उघडे पडले आहे. ते वाचायला शिकवणारा धडा तेवढा हवा.

आपल्या लेखी या धड्याला आणखी एक अर्थ आहे. कोणी मुखातून जन्मला, कोणी पायातून, या कथेवर आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. उत्क्रांती सांगते की सगळी माणसे एका जातीची, आणि ती जात म्हणजे माणूस. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात जातीला वंशशुद्धीचा आधार देणाऱ्यांना हेच दाखवून दिले होते की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये जालंधरजवळ भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी सांगितले की दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत आहे. त्या दशावताराच्या यादीत नववे नाव कोणाचे घालतात, हे वाचकांना ठाऊक आहे. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, ही प्रतिज्ञा आपण १९५६ साली नागपुरात घेतली. पण आपल्यातलेही काही वक्ते व्यासपीठावरून सांगतात की डार्विनचे सगळे बुद्धाने आधीच सांगून ठेवले होते. हीही तीच चूक. बुद्धाने कार्यकारणभाव सांगितला आणि स्वतः तपासून पाहायला सांगितले. बोंडअळीचे शास्त्र त्याने सांगितले नाही, आणि त्याने त्याची थोरवी कमी होत नाही.

आता प्रश्न असा की डार्विनला चूक म्हणणाऱ्या माणसाचे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. त्याला बोलू द्यावे. घटनेच्या १९ व्या कलमाचे भाषणस्वातंत्र्य त्यालाही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये डार्विन आणि आइन्स्टाईन यांना चूक ठरवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयाने ती फेटाळली; तुमचा वेगळा सिद्धांत असेल तर खुशाल मांडा, अशा अर्थाचे सुनावले. हे योग्यच झाले. पण बोलण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्याच्या पुस्तकातले पान फाडण्याचा अधिकार वेगळा. अमेरिकेत टेनेसी राज्यातील डेटन गावी १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकाला, कायद्याने मनाई असताना उत्क्रांती शिकवली म्हणून शंभर डॉलर दंड झाला. नागरी स्वातंत्र्याचे काम करणारी संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. दंड पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला, पण तो कायदा जायला १९६७ साल उजाडले.

आपल्याकडे काय झाले? १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचा 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केला. संपादक होते वसंत मून. राम-कृष्णावरील प्रकरणावरून वादळ उठले. जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीत त्या ग्रंथाची होळी झाली. शासन ते प्रकरण काढायला निघाले. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. मी सात-आठ वर्षांचा होतो. माझे वडील जनरल डब्यात उभ्याने गेले होते. शेवटी प्रकरण राहिले. शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप त्याला जोडली गेली. माझ्या मते हाच न्यायाचा मार्ग होय. पटत नसेल तर टीप घाला, पण छापा.

आता एक कबुली. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. शंकर यांचे १९४९ चे ते चित्र. गोगलगाईवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. आपली मने दुखावली, ती वेदना खोटी नव्हती. पण पुण्यात पुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली, आणि चित्र काढणार म्हटल्यावर आपण टाळ्या वाजवल्या. ते काढून टाकण्याच्या इथल्या एका निवेदनावर माझीही सही होती. आज मी ती करणार नाही. चित्र चुकीचे वाटते तर वर्गात त्यावर चर्चा व्हावी, शेजारी आपले उत्तर छापावे, अशी मागणी करायला हवी होती. ज्या कात्रीने आपल्या सांगण्यावरून चित्र कापले जाते, ती कात्री उद्या डार्विनवर चालली तर तिला अडवायला आपल्या तोंडी शब्द उरत नाहीत.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली नव्हती काय? जाळली. पण सत्ता हाती नसलेल्या माणसांनी उघडपणे केलेला तो निषेध होता, कोणाला वाचू न देण्याची मागणी नव्हती. त्याच मनुस्मृतीचा बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर अभ्यास केला आणि तिला उत्तर लिहिले ते लेखणीने. पुण्यात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालणाऱ्यांकडे उत्तर नव्हते, म्हणून पिस्तूल होते. आपण उत्तरवाल्यांच्या बाजूचे आहोत.

तेव्हा आईबापांना माझी एवढीच विनंती. मुलाचे विज्ञानाचे पुस्तक एकदा हातात घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर त्यालाच वाचून दाखवायला सांगा. धडा गाळला असेल तर शाळेत जाऊन विचारा. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे घटनेने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे, तेव्हा विचारायला लाजायचे कारण नाही. आणि विहारात एखादी मुलगी अडचणीचा प्रश्न विचारेल, बुद्धाबद्दल असो की बाबासाहेबांबद्दल, तर तिला गप्प बसवू नका.

त्या दिवशी निघताना त्या मुलीने काकाजींना विचारले, "आबाजी, पुढच्या वर्षी ती पुडी फेकसान काय?" काकाजी म्हणाले, "माह्यं वावर नाही ना बाई. पण ज्याच्या वावरात जाईन, त्याले सांगीन."

जय भीम! नमो बुद्धाय!