कायद्याला ऐकू न येणारा गोंगाट

सुट्टीत यवतमाळहून मालवणला जाणाऱ्या प्रवाशास समुद्राचा तळ मुका भासतो. वस्तुस्थिती तशी नाही. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. आणि उघड्या समुद्रात वाढलेली माशांची पिले प्रवाळखडकांवरील आवाजाचा मागोवा घेत आपले घर शोधतात. या आवाजात आता यांत्रिक नौकांची घरघर मिसळली आहे.

तिचे परिणाम किरकोळ नाहीत. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नौका जवळून जात असता भक्षकांच्या तोंडी पडणाऱ्या लहान माशांची संख्या दुपटीहून अधिक भरली. तेथेच नौकांनी अंतर राखले, वेग आवरला, तेव्हा माशांची वीण अधिक यशस्वी झाली, असे २०२२ साली दिसून आले.

मालवणचा प्रवाळयुक्त समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. परंतु २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हवेतील आवाजापुरतेच आहेत. पाण्याखालचा गोंगाट त्यांच्या कानी पडत नाही.

सांडलेले तेल निपटण्यास वर्षे लागतात. इंजिनाचा आवाज मात्र ते बंद होताच थांबतो. म्हणूनच प्रवाळक्षेत्रात नौकांनी राखावयाचे अंतर, त्यांचा वेग व कमी आवाजाची इंजिने यांविषयी शासनाने नियम करावेत. सहल नेणाऱ्या शिक्षकांनीही नावाड्यास सबुरीने चालण्यास सांगावे. यात कोणाची रोजी बुडत नाही. उलट, मासेच उरले नाहीत तर प्रवासी पाहणार काय, आणि मच्छीमाराच्या जाळ्यात येणार काय?